मुद्दाम नापास

प्रल्हाद टेमघरे थकला होता, आणि हे त्याचं इतक्यांदा सांगून झालं होतं की घरात आता ते कोणी मनावर घेत नसे. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये लोण्याशेजारी सापडली की तो म्हणायचा, "थकलोय गं." सावनीच्या शाळेतल्या मीटिंगची तारीख डोक्यातून साफ निघून गेली, थकलोय. सासूबाईंना फोनवर तीच हकिकत पंधरा मिनिटांत दोनदा ऐकवली, दुसऱ्यांदा तर जास्तच रंगवून ऐकवली, तरी थकलोयच. बरं, खोटं म्हणायचीही सोय नव्हती. पहाटे पाचला वेअरहाउसमधली शिफ्ट, दुपारी एकला सुटका, आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या मैदानावर मुलींच्या रग्बी लीग संघाचं कोचिंग. रविवारी मॅच. पंचेचाळीसाव्या वर्षी असा दिनक्रम ठेवणारा माणूस थकणार नाही तर काय टवटवीत होणार?

मेलबर्नच्या टोकाला, टार्निट उपनगरात, त्यांच्या गल्लीत पाच मराठी घरं होती. चार घरांतले पुरुष आयटीतले. गणपतीच्या वेळी नव्या पाहुण्यांना ओळख करून देताना प्रल्हादपाशी आलं की लोक अडखळत. "आणि हा प्रल्हाद. हा रग्बी खेळायचा. प्रोफेशनल!" पाहुणे आधी त्याच्या मोडून बसलेल्या नाकाकडे बघत आणि मग मोदकाकडे वळत. एखादा चौकस निघाला तर प्रल्हाद समजावून सांगे, की तेरा जणांचा संघ असतो, चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं, सहा वेळा पडलात की चेंडू त्यांचा. "आणि हेल्मेट?" "हेल्मेट नाही." "बापरे," असं म्हणून चौकस माणूसही मोदकाकडे वळे.

हा माणूस या खेळात आला कसा, ते सांगायला हवं, कारण सरळ रस्त्याने तो कुठेच आला नाही.

प्रल्हाद मूळचा रोह्याचा. वडील हायस्कुलात हेडक्लार्क. चौथीच्या स्कॉलरशिपला तो तालुक्यात दुसरा आला तेव्हा वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. पहिला कोण आला, एवढंच त्यांनी शेजारी जाऊन विचारलं होतं. त्या घरात मार्कांना देवाचा मान होता. संध्याकाळी मात्र पोरगा कबड्डीच्या मैदानात. डावा कोपरारक्षक. चढाई करणारा जरा बेसावध झाला की हा जमिनीलगत झेपावून त्याचा घोटा धरायचा, आणि एकदा धरला की पंचांची शिट्टी होईपर्यंत सोडायचा नाही. जिल्ह्याच्या संघात त्याची घोटापकड प्रसिद्ध होती. वडिलांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, की हा वेळ गणिताला दिला असता तर पोरगा कुठल्या कुठे गेला असता.

कुठल्या कुठे तो गेलाच. चोविसाव्या वर्षी आयटीत मास्टर्स करायला मेलबर्नला आला. ग्लेन वेव्हर्लीत पाच पोरांनी मिळून घर भाड्याने घेतलं होतं. दिवसा युनी, उरलेल्या वेळात एका गोदामात खोकी उचलायची. तिथे सिओने नावाचा सामोअन माणूस त्याच्या जोडीला होता, दाराएवढा रुंद, मनाने लोणी. एका रविवारी सिओनेच्या संघात एक माणूस कमी पडला, तर तो प्रल्हादला उचलून मैदानावर घेऊन गेला. "नुसता उभा राहा, मेट. नो वरीज."

पण नुसतं उभं राहणं प्रल्हादच्या रक्तात नव्हतं. एकशे दहा किलोचा गडी चेंडू घेऊन अंगावर आला, आणि प्रल्हादने जे येत होतं ते केलं. झेपावून घोटा धरला. तो गडी बुंध्याशी तोडलेल्या झाडासारखा आडवा झाला. मैदानावर जो हशा आणि टाळ्या, विचारू नका. गंमत पुढेच. या खेळात माणूस पडला आणि रेफरीने इशारा दिला की सोडायचं असतं. प्रल्हाद शिट्टीची वाट बघत घोटा धरून बसला. त्या एका दुपारी त्याच्यामुळे संघाला चार पेनल्टी बसल्या. सिओने त्याला हाताला धरून समजावत होता, "ब्रदर, लेट गो. ही इज डाउन. लेट गो!"

हळूहळू सोडायचं शिकला. तीन वर्षं मेलबर्नच्या स्थानिक लीगमध्ये खेळला, मास्टर्स पुरं केलं, सुनीतीशी लग्न झालं, आणि २००९ मध्ये क्वीन्सलंडमधल्या दुसऱ्या फळीतल्या एका क्लबने त्याला करार दिला. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मास्टर्स करून कुस्त्या खेळणार?" आणि फोन आईकडे दिला.

चार सीझन तो खेळला. संघात एकटा हिंदुस्थानी. प्रेक्षक त्याची घोटापकड बघायला येत, खरंच येत. पण कबड्डीतला चढाई करणारा जवळजवळ उभ्या जागी असतो, आणि इथला माणूस वीस मीटर पळत आलेला असतो. त्याचा घोटा तुमच्या हाती लागण्याआधी त्याचा गुडघा तुमच्या कानशिलाला भेटून गेलेला असतो. कोचने शंभरदा सांगितलं, मांडीला धर, डोकं त्याच्या मागच्या बाजूला ठेव. प्रल्हाद हो म्हणायचा आणि रविवारी पुन्हा डोकं खाली घालून घोट्याकडे. ज्या गोष्टीने टाळ्या मिळतात ती सोडायला फार मोठं मन लागतं, आणि एकोणतिसाव्या वर्षी ते कोणाकडे असतं?

आता डोक्याला मार बसला तर काय, याची क्लबने व्यवस्था केली होती. सीझनच्या आधी, फेब्रुवारीत, प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवायचे. शब्द दाखवायचे आणि नंतर विचारायचे, आकृत्या दाखवायच्या, दिवा लागला की बटण दाबायला लावायचे. पडलेले मार्क नोंदवून ठेवायचे. त्याला बेसलाइन म्हणत. पुढे मॅचमध्ये डोकं आपटलं की पुन्हा तीच परीक्षा, आणि मार्क बेसलाइनपेक्षा कमी आले तर दोन-तीन आठवडे बाहेर. व्यवस्था चांगली होती. पण जिथे परीक्षा तिथे पळवाट. जुने खेळाडू फेब्रुवारीत मुद्दाम कमी मार्क पाडत. सुरुवातीलाच ढ ठरलात, तर नंतर डोकं कितीही बधिर झालं तरी फरक दिसत नाही आणि खेळायला मिळतं.

बहुतेक जण हे काम वेंधळेपणाने करत. वाटेल ती बटणं दाबत, कॉम्प्युटरला संशय येई आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागे. प्रल्हाद तसला नव्हता. तो तालुक्यात दुसरा आलेला मुलगा. किती चुका केल्या तर त्या खऱ्या वाटतील, याचा त्याने आदल्या आठवड्यात अभ्यास केला. सगळे शब्द पाठ झाले, तरी प्रत्येक तिसरा गाळला. दिवा दिसला की मनात एक आकडा मोजून मग बटण दाबलं. इतक्या मेहनतीने नापास होणारा विद्यार्थी महाराष्ट्राच्या मातीत दुसरा झाला नसेल! चारही वर्षं त्याने हे केलं, आणि त्याला त्याचा अभिमान होता. करार एकेका वर्षाचा होता, मागे वीस वर्षांची दहा पोरं जागा मिळायची वाट बघत होती, आणि दोन आठवडे बाहेर बसणं म्हणजे कायमचं बसणं, हे त्याला कळत होतं. चार वर्षांत किमान नऊ वेळा त्याचं डोकं असं आपटलं की पुढची दहा मिनिटं आठवत नाहीत. बेसलाइनने त्याला एकदाही बाहेर बसवलं नाही. सुनीतीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिने तेव्हाच बॅगा भरल्या असत्या.

मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. मेलबर्नला परत आले, टार्निटला घर घेतलं. चार वर्षं कोड न लिहिलेल्या माणसाला आयटीत कोणी दारात उभं करेना, म्हणून पुन्हा वेअरहाउस, आणि संध्याकाळी कोचिंग. कोच म्हणून तो अव्वल होता हे त्याचे शत्रूही मान्य करतील. मुलींना पहिल्या दिवसापासून एकच धडा. "डोकं कुठे?" असं तो मराठीत ओरडायचा आणि टोंगन, सामोअन, पंजाबी, व्हिएतनामी मुली एका सुरात उत्तर द्यायच्या, "बिहाइंड, कोच!" कोणी घोट्याकडे झेपावली तर तो तिला घरी पाठवायचा. त्याची स्वतःची मुलगी, सोळा वर्षांची सावनी, याच संघात होती आणि तिलाही त्याने दोनदा घरी पाठवलं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये डँडेनाँगजवळची मॅच जिंकून प्रल्हाद मुलींची मिनीबस घेऊन परत निघाला. मागे गाणी चालली होती. फ्रीवेवरून तो स्प्रिंगवेल रोडला बाहेर पडला, दोन सिग्नल, एक डावं वळण, मग उजवं, आणि एका घरासमोर बस उभी करून त्याने इंजिन बंद केलं. खिशातली घराची किल्लीही चाचपली. समोर दुमजली नवं घर होतं, काचांचं. प्रल्हाद त्याच्याकडे बघत राहिला. इथे पाच पोरांचं विटांचं बैठं घर होतं, ते कुठे गेलं?

"कोच, व्हेअर आर वी?" मागून कोणीतरी विचारलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आपण ग्लेन वेव्हर्लीत आहोत, आपलं घर इथून तासाभरावर आहे, आणि आपण वीस वर्षांपूर्वीच्या दारात येऊन उभे राहिलोय. पण तोंड मैदानावर तयार झालेलं. "सरप्राइज!" तो म्हणाला. "जिंकलात ना? डम्पलिंग खायला नेतोय." मुलींनी बस डोक्यावर घेतली. सगळ्या पोटभर जेवल्या. सावनीने मात्र ताटलीला हात लावला नाही. परतताना ती पुढे येऊन बसली आणि गाणी चालू असताना हळूच सांगत राहिली, "स्ट्रेट, बाबा. लेफ्ट लेन. नॉट धिस एक्झिट."

दोन आठवडे तिने कळ काढली आणि मग आईला सांगितलं. सुनीती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. रोज लोकांच्या रक्ताचे आकडे बघणारी बाई, ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. तिने त्याच्याकडून मिनीबसची किल्ली काढून घेतली, जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरची, वेळ घेतली, जीपीने स्पेशालिस्टकडे पाठवलं. स्पेशालिस्टची तारीख मिळता मिळता फेब्रुवारी उजाडला. दरम्यान सावनीच्या नव्या सीझनचा फॉर्म आला, आणि त्यावर आई किंवा वडिलांची सही लागत होती.

"बाबाचा रिपोर्ट येईपर्यंत मी सही करणार नाही, आणि त्यालाही करू देणार नाही," सुनीती म्हणाली. "त्याच्या डोक्याचं काय झालंय ते मला आधी बघू दे. मग तुझं ठरवू."

"दॅट्स सो अनफेअर! इट्स हिज हेड, नॉट माइन!"

"मराठीत ओरड."

"इट्स स्टिल अनफेअर!" म्हणून सावनीने दार आपटलं.

त्याच महिन्यात प्रल्हादला पत्र आलं. मुलींच्या राज्य संघाच्या सहायक कोचची जागा, पूर्ण वेळ. बारा वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते. पहाटेचा गजर कायमचा बंद करता आला असता. फक्त वैद्यकीय तपासणी व्यवस्थित हवी होती. म्हणजे नवऱ्याची नोकरी आणि मुलीचा खेळ, दोन्ही एकाच कागदावर येऊन बसलं.

स्पेशालिस्ट डॉक्टर हार्टली म्हणजे पन्नाशीची, शांत, चष्म्यावरून बघणारी बाई. पहिल्या खेपेला तिने दीड तास परीक्षा घेतली. शब्द, आकृत्या, उलटे आकडे. प्रल्हाद घामाघूम झाला. "मी रेकॉर्ड मागवू का तुमच्या जुन्या क्लबकडून?" तिने जाता जाता विचारलं. "त्या काळी बेसलाइन घेत असत. तुलना करता येईल." प्रल्हादने दमलेल्या हाताने संमतीच्या कागदावर सही केली. आपण कशावर सही केली ते त्याला घरी जाताना वेस्ट गेट ब्रिजवर उमगलं. सुनीती गाडी चालवत होती. तो खिडकीतून खाली बघत राहिला. एवढी जुनी कॉम्प्युटरं, त्यांनी कधीच फेकून दिली असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

फेकून दिली नव्हती. क्वीन्सलंडच्या त्या क्लबमध्ये कोणीतरी प्रल्हादपेक्षाही नेटकं होतं.

मार्चमध्ये दोघं पुन्हा जाऊन बसले. डॉक्टरने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द निवडत सांगायला सुरुवात केली. परवाच्या परीक्षेत प्रल्हादला त्याच्या वयाच्या मानाने बरेच कमी मार्क पडले होते. नुसतं तेवढंच बघितलं असतं तर तिला काळजी वाटली असती. पण जुने चारही रेकॉर्ड जवळजवळ तसेच होते. "म्हणजे तुमची स्मरणशक्ती पहिल्यापासूनच अशी आहे," ती म्हणाली. "घसरण दिसत नाही. झोप कमी, काम जास्त, त्यावर उपाय करू. पण ज्याची आपल्याला भीती होती ते मला इथे दिसत नाही. ही चांगली बातमी आहे."

सुनीतीने आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग कागदाकडे. आकडे तिला वाचता येत होते; तिने ते दोनदा वाचले. मग तिने प्रल्हादचा हात धरला आणि रडायला लागली. सात महिने ही बाई रडली नव्हती.

"अरे, म्हणजे काही नाहीच!" ती मराठीत म्हणाली, डॉक्टर समोर आहे हे विसरून. "मी काय काय वाचलं होतं, तुला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटलं तू पन्नाशीत मला ओळखणार नाहीस. आता त्या पत्राला हो म्हण. आजच म्हण. आणि सावनीला फोन कर, सांग सही केली म्हणून. एवढे आपटून तुला काही झालं नाही, मग तिला काय होणार? तू तर तिला किती सांभाळून शिकवतोस." ती डोळे पुसत हसत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ झाकलेलीच होती. ती कोणी उघडायला सांगत नव्हतं. तेव्हा फोनवर फुशारकीने सांगितलं होतं तो सिओने सोडून जगात कोणालाही ठाऊक नव्हतं. प्रल्हादने विचार केला, की आपण गप्प बसलो तर उद्या गजर बंद होईल, बायको झोपेल, पोरगी नाचेल. खूप थकवा आला त्याला, खराखुरा, हाडांपर्यंतचा. आणि त्या थकव्यात त्याला सावनी दिसली, एखाद्या फेब्रुवारीत कॉम्प्युटरसमोर बसलेली. शेवटी त्याचीच मुलगी. अभ्यास करून नापास होईल ती.

"ते जुने मार्क खोटे आहेत," तो इंग्रजीत म्हणाला.

डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"मी मुद्दाम पाडले. मला बाहेर बसवू नये म्हणून. चारही वर्षं."

डॉक्टर रागावली नाही. तिने दोन कागदांतला जुना कागद उचलून बाजूला ठेवला, आणि टेबलावर एकटा परवाचा कागद राहिला. "हे सांगितलंत ते फार बरं केलंत," ती म्हणाली. "आपल्याला पुन्हा सुरुवातीपासून बघावं लागेल. स्कॅन करू. आणि ती नोकरी सध्या थांबवा. गाडी चालवणंही."

सुनीतीने त्याचा हात सोडला नव्हता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्या उरलेल्या कागदाकडे बघत होती.

"खरे दिले असतेस," तिने विचारलं, "तर किती पडले असते तेव्हा?"

"पैकीच्या पैकी."

ती एकदम त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अशी काही आशा आली की प्रल्हादला ती बघवेना.

"आणि परवा?" ती म्हणाली. "परवा पण तू तसंच केलंस ना? सांग ना, प्रल्हाद. सवयीने गाळले असशील थोडे."

"नाही गं," तो म्हणाला. "परवा मी जीव तोडून दिली परीक्षा."